पाचव्या पायरीची सही

फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असे. "ताई, इथपर्यंत आलो. आता काय दाबू?"

प्रियदर्शनी तायडे कधी 'कुठपर्यंत' असं विचारत नसे. "समोर काय दिसून राहिलं ते वाचा," म्हणे. मग पलीकडचा शाळेतला बाबू अडखळत इंग्रजी अक्षरं वाचून दाखवी, ती डोळे मिटून त्याचा पडदा स्वतःसमोर उभा करी, आणि म्हणे, "खाली, उजव्या कोपऱ्यात." दिवसाकाठी पन्नास-साठ जणांना ती अशी खालच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन पोचवत असे.

ऑफिस अमरावतीला राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली पोरांच्या गाड्या इतक्या लागलेल्या असत की जिन्यापर्यंत जायला पदर सावरून आडवं चालावं लागे. वर तीन खोल्या, आठ माणसं आणि एकच मुख्य धंदा: शाळांचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या येण्या-जाण्याची नोंदवही, संगणकावर ठेवणारा आणि शाळा सोडल्याचा दाखला छापून देणारा प्रोग्राम. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या मिळून दोनशे चौदा शाळा तो वापरत.

प्रियदर्शनीचं वय एकावन्न. या नोकरीआधी एकोणीस वर्षं तिने बडनेऱ्याच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं. विद्यार्थ्यांच्या हातांवर फडकं टाकून अक्षरं न बघता लिहायला लावायची. मशिनी भंगारात गेल्या तेव्हा ती इथे फोनवर आली. संगणक तिला कोणी शिकवला नाही. कळफलक ओळखीचा होता, उरलेलं लोकांना सांगता सांगता कळत गेलं.

त्या वर्षी मे महिन्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली. जूनच्या अखेरीस शाळा उघडायच्या आत ती सगळीकडे बसायला हवी होती. मालक शेखर भारसाकळे एप्रिलमध्येच तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी तिला ताईच म्हणे.

"ताई, पुण्याची एक कंपनी हाये. फोनचं काम थे घेते."

"वऱ्हाडी समजते काय त्याईले?"

"मराठी समजते ना. पुण्याचेच हायेत."

"तेच म्हणून राहिली मी."

शेखर हसला, पण सरकला नाही. मागच्या खेपेला त्याने स्वतः चार ओळींचा कागद पाठवला होता: डाउनलोड करा, दोनदा क्लिक करा, पुढे पुढे जा, झालं. त्या चार ओळींनी दोन महिने फोन थांबू दिला नव्हता. "ह्या वेळी कागद तुमी लिवा," तो म्हणाला. "एकच पान. फोन कमी झाले त पुढचे सगळे कागदं तुमच्याकडं. नाही झाले त जुलैपासून पुण्यावाले."

"अन मी?"

"पाहू ना."

शेखरच्या 'पाहू ना'नंतर आजवर दोन माणसं ऑफिसातून गेली होती. तिने मान हलवली आणि वाजणारा फोन उचलला.

कागद कोरा नव्हता. प्रोग्राम लिहिणाऱ्या सोहमने अडतीस पानांची पुस्तिका आधीच तयार केली होती. सोहम सव्वीस वर्षांचा, अंबापेठेतल्या वकिलाचा मुलगा, कामात चोख. पुस्तिकेत काहीही राहिलं नव्हतं. संगणकाची स्मृती किती लागते इथपासून छपाईयंत्राची शाई संपली तर काय करावं इथपर्यंत सगळं होतं.

"ताई, हे सगळं लागतंच," तो म्हणाला.

"कोणाले?"

"ज्याला अडचण येईल त्याला."

"अन ज्याले नाही येत त्यानं काय पाप केलं? अडतीस पानं वाचल्यावरच दाखला द्यावा काय?"

ती आठवडाभर छाटत बसली. शाई गेली, स्मृती गेली. नऊ पायऱ्या उरल्या. अकराव्या पानावरच्या एका टिपेपाशी मात्र तिचा पेन थांबला. जुना प्रोग्राम काढून टाकण्याआधी त्यातल्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, नाहीतर त्या प्रोग्रामसोबतच जातील, असं त्या टिपेत होतं.

"हे किती शाळांले लागते?"

सोहमने यादी चाळून सांगितलं, "जुन्या नोंदी भरलेल्या शाळा तीसेक असतील. बाकीचे नुसता दाखला छापतात."

तीस जणांसाठी एकशे चौऱ्याऐंशी जणांना घाबरवायचं का, यावर तिने एक दुपार घालवली. शेवटी टीप कागदाच्या मागच्या बाजूला टाकली, चौकट करून, ठळक अक्षरांत: 'जुन्या नोंदी असलेल्या शाळांसाठी. पाचवी पायरी करण्याआधी हे वाचा.' पुढच्या बाजूला पाचवी पायरी तशीच राहिली: 'जुना प्रोग्राम असल्यास काढून टाका.' पुढून कागद मोकळा, मोठ्या अक्षरांचा, देखणा दिसत होता. तिला तो आवडला. शेखरलाही आवडला.

घरी त्याच दिवसांत तिच्या आईच्या डोळ्याचं काम चाललं होतं. केशरबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तीन औषधांचे थेंब वेगवेगळ्या वेळांना घालायचे होते. दवाखान्याने त्याचा तक्ता दिला होता, तो प्रियदर्शनीने कपाटाला चिकटवला. नवरा भगवंत बडनेरा स्टेशनवर नोकरीला. दुपारी तो घरी असे, म्हणून दुपारचे थेंब त्याच्याकडे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं होतं. ते तक्त्याच्या तळाशी लिहिलेलं होतं.

"जावई लय घाईचे हायेत वं," केशरबाई एका संध्याकाळी म्हणाल्या. "एकावर एक वततात. समदं गालावर येते."

"अहो, थांबायचं लिवलं हाये ना तिथं."

"कोठी?" भगवंत म्हणाला. "मी त बाटली पाह्यतो. कपाट कोण पाह्यते?"

तिने दुसऱ्या बाटलीच्या टोपणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं: 'घड्याळ पाहा. पाच मिनिटं.' पट्टी काढल्याशिवाय टोपण उघडत नव्हतं. भगवंत कुरकुरला, पण दुसऱ्या दिवसापासून थांबू लागला. प्रियदर्शनीने हे घरात केलं आणि चप्पल घालून ऑफिसला गेली. टेबलावरच्या कागदाशी त्याचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात कागद गेले. दोन्ही बाजूंनी छापलेले, तालुक्याच्या बैठकांमधून वाटलेले. फोन पन्नासांवरून वीसवर आले. शेखर दोनदा तिच्या टेबलावरून जाताना म्हणाला, "मस्त चालून राहिलं, ताई."

चौदा तारखेला खुशालराव ढोरे यांचा फोन आला. अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या विद्यालयाचे ते लिपिक. फोनवर कधी आवाज चढवत नसत, आधी सगळ्यांची खुशाली विचारत.

"काई घाई नाही, ताई. फक्त माहे जुने नावं दिसून नाही राहिले."

"किती?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे किती, खुशालराव?"

"सहाशे बारा. अठ्ठेचाळीस सालापासूनचे."

तिने फोन सोहमकडे दिला. सोहमने दूरवरून त्यांचा संगणक उघडून पाहिला, अर्धा तास खटपट केली आणि मान हलवली. जुना प्रोग्राम काढला तेव्हा नोंदी गेल्या, आणि त्याच जागेवर नवा बसला. आता काही मिळणार नव्हतं. आणखी दोन शाळांचं तसंच झालं होतं, पण तिथे दहा-पंधरा नोंदी होत्या.

शेखरने कागद उलटसुलट करून पाहिला. "मागं लिवलं हाये ना स्पष्ट. मंग आपला दोष नाही."

"नाही," ती म्हणाली.

"त झालं."

तिने दोन दिवसांची रजा मागितली. कशाला, ते शेखरने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. घरी भगवंत म्हणाला, "पुण्यावाल्याईले खुर्ची देऊन राहिली काय तू? चूक तुही होती म्हणून स्वतः जाऊन सांगतं."

"सांगाले नाही चालली. पाह्याले चालली. तीस शाळा होत्या, तीन शाळाईचं गेलं. बाकीच्याईनं नवा प्रोग्राम अजून टाकलाच नाही. कागद तोच राह्यला त त्याईचंही जाते, अन मंग खुर्ची जातेच."

"मायचे थेंब?"

"बाटलीवर लिवलं हाये."

सकाळच्या गाडीने ती बडनेऱ्याहून अकोल्याला गेली आणि पुढे ऑटोने. साडेदहालाच ऊन डोक्यावर बसलं होतं. विद्यालयाच्या ऑफिसात कूलर घरघरत होता. संगणकावर फुलांचं कापडी झाकण होतं. खुशालरावांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं, तिच्यासाठी माठातलं पाणी आणलं आणि मग प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला.

कागद तिचाच होता, पण तो फोटोचा फोटो होता. तिथल्या केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांनी मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकलेला, खुशालरावांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला. खालच्या कोपऱ्यात कोणाच्या तरी अंगठ्याची सावली पडली होती. नऊही पायऱ्यांपुढे लाल पेनाने बरोबरची खूण, प्रत्येक खुणेखाली तारीख आणि खु. ढो. अशी आद्याक्षरं.

"मागचं पान?" तिने विचारलं.

खुशालरावांनी कागद उलटला. "मागं कोरं हाये, ताई."

तिने कागद पुन्हा सुलट करून त्यांच्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "तुमी त्या दिवशी केलं तसंच मले एकदा करून दाखवा. मी काही बोलणार नाही."

"अन चुकलो त?"

"तरी नाही बोलणार."

खुशालरावांनी कागदावर लाकडी पट्टी ठेवली. पहिली ओळ वर, बाकीच्या पट्टीखाली झाकलेल्या. ओळ वाचली, केलं, खूण केली, पट्टी खाली सरकवली. तिला आपल्या टायपिंगच्या वर्गातलं फडकं आठवलं. ती हात मांडीखाली दाबून बसली होती.

"पुढची ओळ आधी वाचून नाही पाहत?" शेवटी तिच्याने राहवलं नाही.

"काहून पाह्यची? एक झाल्याबिगर दुसरं पाह्यलं का पह्यल्यात चूक होते. पस्तीस वर्सं झाले मले. ह्या एकतीसला रिटायर होतो."

त्या सहाशे बारा नोंदी त्यांनी दोन वर्षांत एका बोटाने भरल्या होत्या. मूळ रजिस्टरची पानं हात लावला की तुकडे व्हायची. भिंग घेऊन वाचायची, नाव लागलं नाही तर गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं. प्रत्येक पान छापून त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतलेली होती, आणि ती पानं लाल कापडाच्या बस्त्यात बांधून कपाटात होती. संगणकावर विश्वास नव्हता असं नाही. सही कागदावरच होते, म्हणून.

"मंग वाचा तुमी," प्रियदर्शनी म्हणाली आणि कळफलक पुढे ओढला. "मी मारतो."

ते वाचत, ती मारत. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. खुशालरावांचा श्वास घेऊन होईपर्यंत तिची ओळ झालेली असे. एकाच घरातल्या भावांची नावं पुढे-मागे येत. थोरल्यापुढे जातीच्या रकान्यात 'महार' आणि सत्तावन साली दाखल झालेल्या धाकट्यापुढे 'बौद्ध'. खुशालराव दोन्ही एकाच सुरात वाचत आणि ती जसं आहे तसं लिही. मुलीच्या, माधवीच्या, जात पडताळणीच्या वेळी अशाच एका रजिस्टरातून आपल्या सासऱ्यांच्या, देवमन यांच्या, पहिलीतल्या नोंदीचा उतारा तिने काढून आणला होता. तीन चकरा पडल्या होत्या. बाबू म्हणाला होता, पान सापडत नाही. चौथ्या खेपेला सापडलं.

संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस झाले. रात्री ती अकोल्यात मावसबहिणीकडे राहिली आणि सकाळी पुन्हा येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस मुलीचा दाखला न्यायला आला. खुशालरावांनी अर्जाचं प्रपत्र काढलं, भरलं आणि त्याला बाकावर बसवलं.

"सर जेवून येतात, मंग सही होते."

"बाकी समदं झालं ना, बाबूजी? द्या ना तसंच. गाडी हाये मही."

"सही झाल्याबिगर नाही देता येत."

माणूस पाऊण तास बसला. बसल्या बसल्या त्याने गरमीला शिव्या घातल्या, पण सहीला घातल्या नाहीत. प्रियदर्शनी टंकायचं थांबून ते प्रपत्र बघत होती. चौदा रकाने होते. तीन रकान्यांत खुशालरावांनी आडवी रेघ ओढली होती.

"हे काय?"

"लागू नाही, म्हणून रेघ."

"तसंच कोरं सोडलं त?"

खुशालरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती गमतीने बोलते आहे की काय, याचा अंदाज घेत होते. "कोरं कसं सोडन, ताई? कोऱ्या जागेत उद्या कोणी काही बी भरन. माह्या हातून पस्तीस वर्सांत कोरी जागा गेली नाही."

साडेचारला सहाशे बारावी नोंद झाली. तिने खुशालरावांकडून रेघांचा एक फुलस्केप मागून घेतला आणि परतीच्या गाडीत मांडीवर पर्स ठेवून लिहायला घेतलं. मूर्तिजापूर गेलेलं तिला कळलं नाही.

सोमवारी सोहमने तो कागद वाचला आणि खुर्चीत मागे रेलला. वर लिहिलं होतं: 'प्रपत्र अ. एकूण तीन पैकी पान एक.' खाली शाळेचं नाव, तारीख. चौथ्या पायरीपाशी: 'जुना प्रोग्राम आहे काय? होय/नाही. लागू नसेल ते खोडावे.' त्याखाली: 'जुन्या नोंदींची संख्या. पेनड्राइव्हवर उतरवलेल्या नोंदींची संख्या. दोन्ही सारख्या असल्याबाबत मुख्याध्यापकांची सही व शिक्का.' आणि त्याच्या खाली पाचवी पायरी.

"ताई, ही प्रोग्राम बसवायची माहिती आहे की पेन्शनचा अर्ज?"

"पेन्शनचा अर्ज कोणी अर्धा भरते काय?"

"पण सहीचा प्रोग्रामशी काय संबंध? सही नसली तरी तो बसतोच."

"प्रोग्रामले नाही लागत. बाबूले लागते."

सोहम खुर्चीत पुढे सरकला. मग अडतीस पानं उघडून त्याने तिला आणखी दोन ठिकाणं दाखवली, जिथे चूक झाली तर परत फिरता येत नव्हतं. एक तिने घेतलं, रकाना करून. दुसरं घेतलं नाही. "तिथं फोन केला त चालते," ती म्हणाली.

शेखरने तीन पानं हातात तोलली. "मी एकच म्हटलं होतं."

"एका पानानं सहाशे बारा गेले."

"पण पाठकोरे कागद, तीन तीन..."

"मागं काई छापायचं नाही. फोटो एकाच बाजूचा निंगते."

शेखर खिडकीपाशी गेला, खाली गाड्या लावण्यावरून चाललेलं भांडण बघून म्हणाला, "पाहू ना." तिने त्या दुपारी ड्रॉवरमधला स्वतःचा कप, रुमाल आणि चष्म्याची जुनी डबी एका पिशवीत भरून ठेवली. प्रपत्राची पहिली प्रत मात्र त्याआधीच खुशालरावांना पाठवून झाली होती, पुन्हा भरलेल्या नोंदींवर चालवून पाहा म्हणून.

शेवटी शेखरने तिन्ही पानं छापायला दिली आणि नवे कागद मेच्या अखेरीस गेले. जूनच्या पहिल्या सोमवारी शेखर चहाचा पेला घेऊन सकाळपासून तिच्या टेबलाशेजारी बसला. दिवसभरात अकरा फोन आले. चौघांचे मुख्याध्यापक रजेवर होते, प्रभारींची सही चालते का, हे त्यांना हवं होतं. तिघांचा शिक्का पुसट उठला होता. एकाला 'लागू नसेल ते खोडावे' म्हणजे पेनाने की पेन्सिलने, ते विचारायचं होतं. उरलेल्या तिघांचे प्रश्न खरोखर प्रोग्रामचे होते आणि ते सोहमकडे गेले. काय दाबू, असं दिवसभरात कोणी विचारलं नाही. त्या आठवड्यात कोणाच्या नोंदी गेल्या नाहीत. पुढच्याही नाही.

मग पाकिटं येऊ लागली. भरलेलं प्रपत्र ऑफिसला परत पाठवा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण शाळांनी ते आपल्या मनाने दोन प्रतींत केलं, एक दप्तरी ठेवली आणि दुसरी जावक क्रमांक टाकून राजापेठेच्या पत्त्यावर धाडली. काही पोस्टाने आली, काही अमरावतीला कामासाठी येणाऱ्या मास्तरांच्या हातून. जूनच्या मध्यापर्यंत तिच्या टेबलावर सत्तर-बहात्तर जमली.

शेखरने वरचं पाकीट उचलून पाहिलं. "ह्याचं काय करायचं आता?"

"सांभाळायचं. त्याईनं सही करून पाठवलं."

"बरं." तो पाकीट खाली ठेवून निघाला आणि दारातून वळला. "पुण्यावाल्याईले नाही म्हणून सांगितलं मी. सातव्या महिन्यात हजेरीचा नवा प्रोग्राम येते, त्याचा कागद लागते, थो बी तुमीच लिवा."

"किती पानं?"

"लागतीन तितके."

"मंग मले एक आवक रजिस्टर लागते," ती म्हणाली. "जाड पुठ्ठ्याचं."

रजिस्टर दुसऱ्या दिवशी आलं. तिने पट्टीने रकाने आखले, पिशवीतून चष्म्याची डबी परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पाकिटं तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात आधीचं एकतीस मेचं होतं. आत प्रपत्र अ, तीन पानं, कुठेही कोरी जागा नाही. जुन्या नोंदी सहाशे बारा, उतरवलेल्या नोंदी सहाशे बारा, मुख्याध्यापकांची सही, ठसठशीत शिक्का. प्रत्येक पायरीपुढे लाल खूण आणि खाली खु. ढो.

तिने ते आवक क्रमांक एकला नोंदवलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. तिथे तिने आडवी रेघ ओढली आणि दुसरं पाकीट घेतलं.